मीठपाणी नको, स्ट्रिप आणा

संध्याकाळी आठच्या सुमाराला आमच्या मेडिकलवर सगळ्यात जास्त गर्दी असते. कोथरूडमधले दवाखाने तेव्हा भरात असतात, ऑफिसहून परतणारे लोकही जाता जाता चिठ्ठी पुढे करतात. त्या गर्दीतून मागच्या सोसायटीतल्या काकू वाट काढत काउंटरपाशी आल्या. पायात चप्पल नव्हती.

"अगं, उलटी होईल असं काहीतरी दे पटकन. नातवानं ह्यांच्या गोळ्या खाल्ल्यात."

मी विचारलं, "तो शुद्धीत आहे ना? बोलतोय? रडतोय?"

"खेळतोय गं. पण सून मीठपाणी पाजायला बघतेय, तो तोंडच उघडत नाहीये."

पहिली गोष्ट केली ती म्हणजे काकूंच्याच फोनवरून त्यांच्या सुनेला फोन लावला. मीठपाणी ओतून टाक, घशात बोट घालू नकोस, दूधही देऊ नकोस, त्याला मांडीवर घेऊन बस, तोंडात गोळीचे तुकडे असतील तर काढ आणि गोळ्यांचा डबा, स्ट्रिप, जे काही असेल ते सगळं एका पिशवीत भर. ती रडत होती, पण तिने सगळं नीट ऐकलं.

विष पोटात गेलं की मीठपाणी पाजायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हेतू चांगलाच असतो. पण मोठा चमचाभर मीठ दहा-बारा किलोच्या मुलाच्या पोटात गेलं आणि उलटी झालीच नाही, तर ते सगळं मीठ रक्तात उतरतं. सोडियम इतकं चढू शकतं की मेंदूतलं पाणी ओढलं जातं, झटके येतात, मूल दगावूही शकतं. मोहरीचं पाणी, साबणाचं पाणी, मोरचूद हे सगळे त्याच वाटेवरचे उपाय आहेत. मोरचूद तर स्वतःच विष आहे. त्याने उलटी होते ती पोटाचं अस्तर भाजल्यामुळे, आणि पुढे मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.

माझ्या नवऱ्याने गल्ल्याचा ताबा घेतला आणि मी काकूंबरोबर निघाले. नातवाचे बाबा हिंजवडीहून निघाले होते, ते पोचायला वेळ होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनी गाडी काढून ठेवली होती. मूल शुद्धीत होतं आणि गाडी दारात उभी होती, म्हणून आम्ही रुग्णवाहिकेसाठी थांबलो नाही. ते गुंगीत असतं किंवा त्याचा श्वास बिघडलेला असता, तर मी १०८ लाच फोन केला असता.

सुनेने पिशवी माझ्या हातात दिली. त्यात आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा होता, आजोबांच्या नाश्त्याआधीच्या गोळीचा. चार कप्पे उघडे होते. एका कप्प्यात एक गोळी म्हणजे चार गोळ्या असायला हव्या होत्या. दोन फरशीवर सापडल्या होत्या, त्यातली एक चोखून थुंकलेली. म्हणजे पोटात गेल्या असतील तर जास्तीत जास्त दोन, आणि थोडासा चोखलेला अंश. अशा वेळी "बहुतेक एकच खाल्ली असेल" असं मनाला समजावून चालत नाही. जे सापडत नाही ते सगळं पोटात गेलंय असं धरायचं, डॉक्टरही तसंच धरतात. स्ट्रिप पाहिली तर ग्लिमेपिराइड दोन मिलीग्रॅम आणि मेटफॉर्मिन पाचशे. साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी.

ते वाचलं आणि मला खरी काळजी वाटली. मेटफॉर्मिनची नव्हे, तेवढ्या मात्रेने मुलाला सहसा काही होत नाही. पण ग्लिमेपिराइडच्या गटातली औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. मधुमेह नसलेल्या लहान मुलाची साखर एका गोळीनेही धोकादायक पातळीला उतरू शकते. आणि ती लगेच उतरेल असंही नाही. काही तासांनी उतरते, कधी मध्यरात्री, मूल झोपलेलं असताना.

आम्ही गाडीत बसत होतो तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे एक काका काचेची छोटी बाटली घेऊन धावत आले. "हे इपिकॅक आहे. उलटीसाठी हेच देतात म्हणे." मी त्यांना म्हटलं, काका, हे होमिओपॅथीचं आहे, साबुदाण्यासारख्या साखरेच्या गोळ्या आहेत ह्या, त्याने उलटी होणार नाही. आणि ज्याने होते ते औषध आज माझ्या दुकानात असतं तरी मी ते ह्या मुलाला दिलं नसतं.

ते औषध, म्हणजे खरं इपिकॅकचं सिरप, मला चांगलं ओळखीचं आहे. डी.फार्म.ला असताना फार्माकोग्नसीच्या, म्हणजे औषधी वनस्पती ओळखायच्या विषयाच्या, प्रॅक्टिकलला इपिकॅकुआन्हाचं मूळ हातात घेऊन बघावं लागायचं. बोटभर लांबीचा, तपकिरी, वाकडा तुकडा, आणि त्यावर जवळजवळ बसलेली कडी, मण्यांची माळ घट्ट ओवावी तशी. ही वनस्पती मूळची ब्राझीलकडची. तिच्या मुळात एमेटिन आणि सेफेलिन ही दोन अल्कलॉइड्स असतात. ती जठराच्या आतल्या आवरणाला डिवचतात आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्रालाही चेतवतात. सिरप घेतल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांत उलटी सुरू होते. अमेरिकेत १९६५ पासून तीस मिलीलिटरची बाटली चिठ्ठीशिवाय मिळायची आणि लहान मुलं असलेल्या घरांनी ती कपाटात ठेवावी असा सल्ला बालरोगतज्ज्ञ देत. तेव्हाही अट होती की आधी विष केंद्राला फोन करायचा आणि त्यांनी सांगितलं तरच द्यायची.

पुढे जे अभ्यास झाले त्यांनी ह्या बाटलीवरचा विश्वास काढून घेतला. उलटी होते, हे खरं. पण तिच्यातून विष किती बाहेर येईल याचा काही भरवसा नसतो. कधी बरंच येतं, कधी नगण्य, आणि वेळ जाईल तसतसं आणखी कमी, कारण औषध पोटातून आतड्यात सरकलेलं असतं. उलटी करवल्यामुळे रुग्ण अधिक बरे झाले, असं कुठे दिसलं नाही. उलट तासन्‌तास उलट्या चालू राहिल्या की पुढचं तोंडावाटे द्यायचं औषध पोटात टिकत नाही, आणि मूल पेंगुळलं की ते विषाने पेंगुळलं की इपिकॅकने, हे डॉक्टरांना कळत नाही. या सिरपची एक जुनी आणि भयंकर आठवण औषधशास्त्रात सांगितली जाते. इपिकॅकचा फ्लुइड एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे घट्ट अर्क, हा सिरपच्या चौदा पट तीव्र असायचा, आणि नावाच्या सारखेपणामुळे सिरपऐवजी तो दिला गेल्याने माणसं दगावली. एमेटिन हृदयाच्या स्नायूवर घाला घालतं. २००३ साली अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने सांगून टाकलं की घरात इपिकॅक ठेवू नका, असेल ते फेकून द्या. २०१० च्या आसपास तिथलं उत्पादनही थांबलं.

हे सगळं मी त्या काकांना पार्किंगमध्ये सांगत बसले नाही, अर्थात. गाडी निघाली तशी मी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला फोन लावला. नंबर १८०० ११६ ११७, चोवीस तास चालू असतो. पलीकडून प्रश्न आले ते एका पाठोपाठ एक आणि सगळे कामाचे: वय किती, वजन किती, औषधाचं नाव आणि मिलीग्रॅम, जास्तीत जास्त किती गोळ्या, किती वाजता, आत्ता मूल कसं आहे, घरी काही पाजलंय का. वय पावणेतीन, वजन बारा किलो, वेळ साधारण साडेसात. मग त्यांनी सांगितलं: उलटी करवू नका, जागं ठेवून तोंडाने गिळू शकत असेल तर वाटेत काही गोड द्यायला हरकत नाही, रुग्णालयात पोचल्याबरोबर रक्तातली साखर तपासा आणि आज त्याला घरी नेऊ नका. सुनेने तिच्या पर्समधलं बिस्किट त्याच्या हातात दिलं. कर्वे रोडला नेहमीची गर्दी होती. तो खिडकीतून मेट्रो बघत होता आणि काकू सारख्या त्याच्या कपाळाला हात लावत होत्या.

कॅज्युअल्टीत सिस्टरने सगळ्यात आधी बोटाला टोचून साखर पाहिली. ९१ आली. मी डबा आणि स्ट्रिप ट्रेमध्ये ठेवली. रेसिडेंट डॉक्टर तरुण होत्या, आवाज शांत. स्ट्रिप बघून त्या म्हणाल्या, "हे आणलंत ते फार बरं झालं. नाहीतर लोक म्हणतात, पांढरी गोळी होती."

तेवढ्यात मुलाचे बाबा येऊन पोचले. आल्या आल्या म्हणाले, "डॉक्टर, पोट धुऊन टाका ना." हीसुद्धा आपल्याकडची पक्की समजूत आहे. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि दोन मिनिटं काढून समजावलं. नळी घालून जठर धुणं हे आता क्वचितच करतात. विष जिवावर बेतणारं असेल, साधारण तासाच्या आत रुग्ण आला असेल आणि श्वासनलिका सुरक्षित ठेवता येत असेल, तरच. नळी घालताना पोटातलं पाणी फुप्फुसात गेलं तर साध्या विषबाधेचा न्यूमोनिया होतो. धडपडणाऱ्या मुलावर ते करायचं तर फायदा तेवढा मोठा हवा.

त्यांनी अॅक्टिव्हेटेड चारकोल द्यायचं ठरवलं. गोळ्या खाऊन तास उलटत आला होता, पण मूल पूर्ण जागं होतं, नीट गिळत होतं. किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे त्याला बारा ग्रॅम. झाकणाच्या कपात, स्ट्रॉ लावून, थंड सरबतात कालवून. त्याने निम्मा कप प्यायला. ओठ, हनुवटी, काकूंच्या साडीचा पदर, सगळं काळं झालं. मग त्याने तोंड फिरवलं आणि डॉक्टर म्हणाल्या, राहू दे, बळजबरी नको, ठसका लागून चारकोल छातीत गेला तर नवं दुखणं. हा कोळसा औषधाचे कण आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, म्हणून ते रक्तात कमी उतरतं. तो सगळ्यालाच धरतो असं नाही. लोहाच्या गोळ्या, लिथियम, अल्कोहोल, अॅसिड, अल्कली, रॉकेल, यांच्यावर त्याचा उपयोग नाही. बाबांनी मला हळूच विचारलं, तुमच्याकडे गॅससाठी चारकोलच्या गोळ्या मिळतात ना, त्या चालल्या असत्या का? त्यांच्यात चारकोल मिलीग्रॅममध्ये मोजण्याइतका असतो. बारा ग्रॅम भरायला लहान मुलाला किती पाकिटं चारायची? चुलीतला कोळसा किंवा करपलेली पोळी यांनी तर काहीच होत नाही.

मग कारकुनाने एमएलसीचा कागद काढला आणि घरातले सगळे गप्प झाले. मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवणार. काकूंना वाटलं, सुनेवर बालंट येतंय. डॉक्टरांनी सांगितलं की विषबाधेच्या नोंदीची ती नेहमीची पद्धत आहे, अपघाताची जशी नोंद होते तशीच. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आधी जीव वाचवायचा, कायद्याची कागदपत्रं नंतर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ह्या एका भीतीपोटी लोक घरीच उलट्या करवत बसतात, किंवा दवाखान्यात खरं सांगत नाहीत. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, घरी काय पाजलं, यातलं एक जरी लपवलं तरी डॉक्टर अंधारात उपचार करतात.

रात्री वॉर्डात नेलं. दर तासाला बोट टोचायचं. आधीच डेक्स्ट्रोजचं, म्हणजे ग्लुकोजचं, सलाईन का लावत नाही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या की साखर चांगली असताना लावलं तर घसरण झाकली जाते, नेमकी कधी झाली ते कळत नाही, आणि वाढलेली साखर स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला लावते. त्यापेक्षा त्याला जेवू द्या, खेळू द्या, आम्ही बघत राहतो. त्याने वरणभात खाल्ला. साखर ८८, मग ७९. अकराच्या सुमाराला तो झोपला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मी थांबले होते. काकू माझा हात सोडत नव्हत्या आणि मलाही घरी जाऊन झोप लागली नसती. त्यांच्या मनात अजून मघाचंच घोळत होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, उलटी करवून आणलेली मुलं येतात का तुमच्याकडे? त्या म्हणाल्या, नेहमी. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन प्यायलेल्या मुलाला उलटी करवली की ते पातळ द्रव श्वासातून फुप्फुसात शिरतं, आणि पोटात असताना जेवढा त्रास देत नाही तेवढा छातीत देतं. संडास धुण्याचं अॅसिड किंवा कॉस्टिक असेल तर ते अन्ननलिका एकदा जाळत खाली गेलेलं असतं. उलटी म्हणजे तीच जागा दुसऱ्यांदा जाळणं. कापूर खाल्लेल्या मुलाला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि उलटी चालू असताना झटका आला तर ते सगळं श्वासनलिकेत. गुंगीत असलेल्या माणसाचंही तेच. मला लगेच आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतची पिवळी कण्हेर आठवली, बिट्टी म्हणतो ती. तिच्या बिया मुलं खेळायला घेतात. त्या हृदयाचे ठोके बिघडवतात. तिथेही पळायचं ते ईसीजीसाठी, मीठपाणी करायला नव्हे.

एकच्या सुमाराला सिस्टर आल्या, दिवा लावला, टोचलं. ४९.

तो शांत झोपलेला दिसत होता. मानेला बारीक घाम होता, सुती झबलं पाठीला चिकटलं होतं. बोट टोचल्यावर त्याने हात मागे घेतला नाही. संध्याकाळी ह्याच टोचण्याला त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सिस्टरने हाक मारली, गालाला हात लावला, डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. पुढच्या दोन मिनिटांत शिरेतून दहा टक्के डेक्स्ट्रोज गेलं. डॉक्टरांनी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन मागवलं, त्याने स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं आवरतं. थोड्या वेळाने साखर ११२ झाली आणि तो उठून बसला, पाणी मागितलं, मग आईच्या केसांचा क्लिप ओढून काढला.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मी त्याला उलटी काढली असती ना, आणि म्हटलं असतं, झालं, सगळं पडलं, आता दमलाय, झोपू दे. थोपटून झोपवलं असतं गं मी."

मी त्यांना जवळ घेतलं. दुसरं काही सुचलं नाही. पण तेव्हापासून काउंटरवर कुणी उलटीचं काही मागितलं की मला त्यांचं हेच वाक्य ऐकू येतं. उलटी झाली की घरातल्या माणसांना वाटतं संकट बाहेर पडलं. मूल निजलं की वाटतं बरं वाटतंय त्याला. साखर उतरलेलं मूलही तसंच निजतं, आणि त्या रात्री खोलीत ग्लुकोमीटर नसता तर आमच्यापैकी कुणालाही फरक कळला नसता. मी औषधं विकते, रोज साखरेच्या गोळ्या हाताळते, तरी मलाही तो नुसता झोपलेलाच वाटला होता.

दुसरा दिवस पूर्ण ठेवून घेतलं. डेक्स्ट्रोज हळूहळू कमी केलं, बंद केलं, त्यानंतरही रात्रभर पाहिलं की त्याच्या त्याच्या जेवणावर साखर टिकते का. टिकली. घरी सोडताना डॉक्टरांनी सुनेला घाम, चिडचिड, पेंगुळणं, थरथर ही लक्षणं कागदावर लिहून दिली आणि त्यातलं काही दिसलं तर तडक परत यायला सांगितलं.

आता आमच्या काउंटरच्या काचेवर विष केंद्राचा नंबर मोठ्या अक्षरांत लावलाय, मराठीत. साखरेच्या, रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या आणि गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या देताना मी विचारते की घरात लहान मूल आहे का. लोहाच्या गोळ्या दिसायला चकचकीत, रंगीत असतात, मुलांना त्या हमखास गोळ्या-चॉकलेटच वाटतात, आणि जास्त गेल्या तर त्या लहान मुलाचा जीव घेऊ शकतात. आपल्याकडे वारांचे कप्पे असलेले डबे तर कुणीही उघडू शकतं, संधिवाताने बोटं दुखणाऱ्या आजींना उघडता यावेत म्हणूनच ते तसे बनवलेले असतात. म्हणजे ज्या डब्याने आजोबांची गोळी चुकत नाही, तोच डबा नातवाच्या हाती लागला की उघडतो. तो टेबलावरून उचलून कुलपाच्या कपाटात, उंचावर ठेवायचा, एवढाच त्यावर उपाय.

बहुतेक आजी-आजोबा म्हणतात, "आमच्याकडे नाही हो लहान मूल, आम्ही दोघंच." मग मी विचारते, मे महिन्यात कोण येणार आहे? बंगळूरहून मुलगी, अमेरिकेहून मुलगा, त्यांची पिल्लं. त्या सुट्टीत घर भरलेलं असतं, आजोबांची गोळी सवयीने चहाच्या कपाशेजारी असते आणि मुलाकडे दुसरं कुणीतरी बघतंय असं प्रत्येकाला वाटत असतं. म्हणून एप्रिल लागला की चिठ्ठी परत देताना गोळ्या कुलपात, उंचावर ठेवा, हे एक वाक्य मी ज्याला त्याला सांगते, गर्दी कितीही असो.